आवाजाची वाट कोणी ठरवायची?

कुणी काहीच सांगितले नाही, तर काय करायचे? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु प्रत्येक व्यवस्थेला त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवावे लागते. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्याची मालमत्ता कोणाकडे जावी हे कायद्याने सांगून ठेवलेले असते. साखर किती हे पाहुण्याने सांगितले नाही, तर घरातले माणूस आपल्या अंदाजाने चमचा घालते आणि तो अंदाज पिढ्यान्‌पिढ्या त्या घराची रीत होऊन बसतो. संगणकाच्या व्यवहारात अशा न सांगता घडणाऱ्या गोष्टीला डिफॉल्ट म्हणतात. हा शब्द आता इतका रुळला आहे की त्यामागे कोणीतरी, कधीतरी, काहीतरी ठरविलेले असते याचा आपल्याला विसर पडतो.

या लेखात मी अशाच एका डिफॉल्टची हकीकत सांगणार आहे. लिनक्स ही प्रणाली आज मोठ्या संगणकांपेक्षाही लहानसहान यंत्रांत अधिक राबते. खिशातले फोन, घरातले दूरदर्शनचे डबे, मोटारीतले पडदे, दारावरचे बोलके यंत्र अशा ठिकाणी ती नावही न सांगता काम करीत असते. या यंत्रांतून आवाज कोणत्या वाटेने बाहेर पडावा, कर्ण्यातून की कानातल्या फोनमधून, की निघूच नये, हे सुरुवातीला कोणी ठरवायचे? पोटापाण्यासाठी मी बरीच वर्षे हेच काम करीत आलो आहे, आणि त्या निमित्ताने या प्रश्नाचा तीस-पस्तीस वर्षांचा मागोवा घेत आलो आहे. तांत्रिक कामाला इतिहास नसतो असे समजणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा. त्यात एक सत्तांतर आहे. आणि ते एकदा नव्हे, अनेकदा झाले आहे.

आवाज यंत्रातून बाहेर पडतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. संगणकाच्या पोटात आवाज म्हणजे केवळ आकड्यांची रांग. संगीताच्या सीडीच्या दर्जाचा आवाज असेल, तर दर सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि तेही डाव्या-उजव्या कानांसाठी वेगवेगळे. या आकड्यांचे विजेच्या लहरींत आणि लहरींचे पुन्हा आकड्यांत रूपांतर करणारी जी चिप, तिला कोडेक म्हणतात. तिच्या आत अनेक वाटा असतात. मायक्रोफोनकडून येणारी वाट, संगणकाकडून येणारी वाट, कर्ण्याकडे जाणारी, कानातल्या फोनकडे जाणारी. या वाटा जिथे मिळतात तिथे दारे असतात. ज्याने शेतात रात्रपाळीला दारे धरली आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. एका वाफ्याचे दार मोडायचे, दुसऱ्याचे बांधायचे, आणि पाटाला पाणी कितीही असले तरी दार मोडल्यावाचून वाफा कोरडाच राहायचा. कोडेकमध्ये नेमके हेच चालते.

एक उदाहरण देतो. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे, तिथल्या विद्यापीठाच्या परिसरातून निघालेली वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स नावाची कंपनी १९८४ साली स्थापन झाली. तिची डब्ल्यूएम ८७३१ ही चिप अनेक लहान यंत्रांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगाच्या फलकांवर बसविली गेली. या चिपला वीज दिली आणि पुढे काहीच सांगितले नाही, तर तिची अवस्था मोठी चमत्कारिक असते. कानातल्या फोनचा आवाज शून्य डेसिबलवर, म्हणजे चांगला ऐकू येण्याजोगा ठेवलेला असतो. परंतु संगणकाकडून येणाऱ्या आवाजाचे दार मात्र बंद असते. बाहेरून तारेने आलेला आवाज आकड्यांच्या भानगडीत न पडता परस्पर बाहेर सोडणारी जी आडवाट, तिचे दार उघडे असते. शिवाय चिपच्या आतल्या बहुतेक भागांची वीजही तोडलेली असते. चिप बनविणाऱ्यांनी आपल्या परीने काही विचार करून ही जन्मावस्था ठरविली असेल. पण फलकावर ती बसवून एखाद्याने गाणे लावले, तर सर्व काही सुरळीत चालू असल्याचा निर्वाळा संगणक देतो आणि कानाला चिटपाखरूही ऐकू येत नाही. नवशिका येथे दिवसचे दिवस घालवितो.

आता मूळ इतिहासाकडे वळू. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीने साउंड ब्लास्टर हे कार्ड बाजारात आणले. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली, आणि १९९२ मध्ये फिनलंडच्याच हन्नू साव्होलायनेन यांनी साउंड ब्लास्टरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला. त्यातूनच पुढे ओपन साउंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस, उभी राहिली. त्या काळी कार्डावर लहान लहान टोप्या असत. त्या इकडून तिकडे बसवून कार्डाचा पत्ता ठरवायचा, आणि तोच पत्ता लिनक्सचे कर्नेल बांधताना त्याला सांगायचा. दोन्हींचा मेळ बसला नाही तर आवाज नाही. हा खटाटोप होता खरा. पण वाटेचा प्रश्न मात्र नव्हता. कार्डाच्या पाठीवर भोके असत, आणि कर्ण्याची तार ज्या भोकात खुपसावी तिथून आवाज निघे. वाट ठरविण्याचे काम माणसाचे हात करीत होते. साव्होलायनेन यांच्या ड्रायव्हरात आवाजाच्या पातळ्यांचे सुरुवातीचे आकडेही लिहून ठेवलेले होते, आणि ते ऐकू येण्याजोगे होते. तात्पर्य, त्या काळात डिफॉल्ट ठरविणारा माणूस ड्रायव्हर लिहिणारा होता. गिऱ्हाईक कोणते, कार्ड कोणते, याचा त्याला साधारण अंदाज होता, म्हणून हे जमत होते.

पुढे कार्डे वाढली, आणि अंदाज चुकू लागले. एकेका कार्डात डझनावारी दारे आली. झेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनानंतरच्या चेक प्रजासत्ताकात यारोस्लाव्ह किसेला हे गृहस्थ ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी ड्रायव्हर लिहीत होते. त्या एका ड्रायव्हरातून १९९८ मध्ये एक नवी व्यवस्था जन्माला आली. तिचे नाव ॲडव्हान्स्ड लिनक्स साउंड आर्किटेक्चर, बोलीत अल्सा. २००२ मध्ये ती कर्नेलच्या विकासशाखेत शिरली, आणि डिसेंबर २००३ मध्ये बाहेर पडलेल्या २.६ या आवृत्तीत तिने ओएसएसची जागा घेतली.

या सत्तांतरात एक गोष्ट अशी झाली की ती अनेक वर्षे लोकांच्या जिभेवर राहिली. अल्साने चिपची सगळी दारे वापरणाऱ्याच्या हाती दिली, आणि सुरुवातीला ती सगळी बंद ठेवली. नवी प्रणाली बसवावी, गाणे लावावे, आणि काहीही ऐकू येऊ नये, हा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव होता. मग कोणी जाणता सांगे की अल्सामिक्सर उघडा, ज्या खांबाखाली 'एमएम' अशी अक्षरे दिसतील तो खांब निवडा, एम ही कळ दाबा आणि बाण वर न्या. एवढे केले की आवाज येई. मग ती अवस्था एका फाइलीत साठवून ठेवायची आणि यंत्र पुन्हा सुरू होताना फाइलीतून परत आणायची, अशीही सोय होती.

सगळे बंद ठेवण्यामागे विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. अनोळखी कार्डावर मायक्रोफोन आणि कर्णा दोन्ही एकदम मोकळे सोडले, तर आवाज गोल फिरून किंचाळी उठते. कानात फोन असेल तर इजाही होऊ शकते. ज्याला गिऱ्हाईक ठाऊक नाही त्याने गप्प राहावे, हा सावधपणा आहे. परंतु या सावधपणात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, यंत्रासमोर एक डोळस माणूस बसलेला आहे, त्याच्यापुढे पडदा आहे, हाताशी कळफलक आहे, आणि मुके यंत्र बोलके करण्याइतका वेळ त्याच्यापाशी आहे. टेबलावरच्या संगणकाच्या बाबतीत हे गृहीत निभावून गेले. लहान यंत्रांत ते निभावले नाही.

लहान यंत्रांची कथा मला शार्प कंपनीच्या झॉरसपासून सांगावीशी वाटते. तळहातावर मावणारा, लिनक्सवर चालणारा हा जपानी संगणक. त्याच्या निरनिराळ्या नमुन्यांना आतल्या कामासाठी कुत्र्यांच्या जातींची नावे दिलेली होती. कॉर्गी, स्पिट्झ, अकिता, बोर्झोई अशी ती नावे आजही जुन्या कोडात वाचायला मिळतात. कॉर्गीत वर सांगितलेली डब्ल्यूएम ८७३१ चिप होती, आणि स्पिट्झमध्ये तिचीच भावंड डब्ल्यूएम ८७५०. येथे भोकात तार खुपसणारा हात उरला नव्हता. कर्णा, मायक्रोफोन, कानातल्या फोनचे एकच भोक, हे सगळे कारखान्यात डाख देऊन पक्के केलेले. त्या एकाच भोकात कधी फोन, कधी मायक्रोफोन, कधी दोन्ही एकत्र येणार. हातांनी ठरवायची गोष्ट आता आज्ञांनी ठरवावी लागणार होती, आणि अल्सात त्यासाठी नीट जागाच नव्हती. प्रत्येक नव्या यंत्रासाठी कोणीतरी चिपचा ड्रायव्हर नव्याने, त्या यंत्राच्या तारा गृहीत धरून लिही. एकच चिप दहा यंत्रांत, म्हणून दहा ड्रायव्हर, असा प्रकार होता.

वुल्फसनमध्ये काम करणारे लियाम गर्डवुड आणि झॉरसवर काम करणारे रिचर्ड पर्डी यांनी २००५ च्या सुमारास हा गुंता सोडविण्यास घेतला. त्यातून अल्सा सिस्टिम ऑन चिप, म्हणजे ए-सॉक, ही रचना निघाली, आणि एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या २.६.२१ या कर्नेलमध्ये ती दाखल झाली. तिची मूळ कल्पना साधी आहे, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातली सर्वांत शहाणपणाची आहे. तिने ज्ञानाची वाटणी केली. कोडेकच्या ड्रायव्हराने फक्त चिप जाणावी. ती कुठे बसविली आहे हे त्याने विचारू नये. प्लॅटफॉर्मच्या ड्रायव्हराने मुख्य चिपमधून आकडे कसे वाहून न्यायचे एवढेच जाणावे. आणि तिसरा जो मशीन ड्रायव्हर, त्याने या विशिष्ट फलकावर कोणत्या पायाला कोणती तार जोडली आहे, हे सांगावे. कॉर्गीच्या मशीन ड्रायव्हरात दोन कळी ठेवलेल्या होत्या. भोकाचे काम काय, तर फोन, मायक्रोफोन, लाइन, हेडसेट किंवा बंद; आणि कर्ण्याचे काम काय, तर चालू किंवा बंद. चिपच्या भाषेतले डझनावारी प्रश्न माणसाच्या भाषेतल्या दोन प्रश्नांवर आले.

या रचनेबरोबर आणखी एक युक्ती आली. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात चिपच्या प्रत्येक भागाला सदा सर्वकाळ वीज देणे परवडत नाही. म्हणून ए-सॉक सगळ्या वाटांचा नकाशा जवळ बाळगते, आणि आवाजाच्या उगमापासून त्याच्या टोकापर्यंत जी वाट सलग उघडी असेल, तेवढ्याच वाटेवरच्या भागांना वीज पुरविते. सुरू करण्याचा आणि बंद करण्याचा क्रमही ती सांभाळते, म्हणजे कर्ण्यात 'टप्' असा आवाज होत नाही. युक्ती उत्तम आहे. पण तिचा परिणाम असा की, मधले एक दार बंद राहिले तर वाट खंडित ठरते, आणि त्या वाटेवरच्या भागांना वीजच मिळत नाही. चुकलेल्या डिफॉल्टची शिक्षा पूर्वी आवाज बारीक होण्याची होती. आता ती संपूर्ण मौनाची झाली.

त्याच २००७ साली ओपनमोको या प्रकल्पाचा निओ १९७३ हा फोन विकसकांच्या हाती आला. खिशात बाळगता येणाऱ्या फोनवरून पहिले संभाषण ज्या वर्षी झाले, त्या वर्षाचे नाव या फोनला दिले होते. आतले सर्व काही उघडे असलेला हा फोन म्हणजे अभ्यासकाला पर्वणी होती. त्याच्या डब्ल्यूएम ८७५३ या कोडेकमध्ये दारांचा नुसता सुळसुळाट होता. फोनवरचे संभाषण मुख्य चिपमध्ये न शिरता जीएसएमच्या भागातून थेट कोडेकमध्ये येई आणि तिथून कानाकडे जाई. म्हणजे गाणे ऐकताना दारांची मांडणी एक, कानाला फोन लावून बोलताना दुसरी, हेडसेट लावला की तिसरी, कर्ण्यावर बोलायचे तर चौथी. ओपनमोकोच्या मंडळींनी यावर उपाय काढला तो असा की, प्रत्येक प्रसंगासाठी सगळ्या दारांची अवस्था एकेका फाइलीत लिहून ठेवायची आणि प्रसंग बदलला की फाइल बदलायची. लोकांनी या फाइली घरोघरी दुरुस्त केल्या. कुणाला पलीकडच्याचा आवाज बारीक वाटे, कुणाच्या बोलण्याचा प्रतिध्वनी पलीकडे ऐकू जाई. जो तो एखादा आकडा बदलून पाही. ज्या गोष्टी कारखान्यात गुपचूप ठरत, त्या येथे प्रथमच चव्हाट्यावर ठरू लागल्या.

मात्र एक प्रश्न शिल्लक होता. नकाशा मशीन ड्रायव्हरात आला, हे ठीक. पण सुरुवातीला दारे कोणती उघडी ठेवायची? ए-सॉकच्या सांभाळकर्त्यांनी, त्यात मार्क ब्राउन यांचे नाव प्रमुख, याचे उत्तर ठाम दिले. ड्रायव्हराने स्वतःच्या अकलेने दारे उघडू नयेत. चिपची जी जन्मावस्था असेल तीच ठेवावी. बाकी सारे कर्नेलच्या बाहेर, वापरणाऱ्याच्या प्रदेशात ठरवावे. तीच चिप फोनमध्ये असेल, मोटारीत असेल, लहान मुलांच्या खेळण्यात असेल. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने एकाची सोय पाहिली की दुसऱ्याची गैरसोय झालीच. आणि एकदा ठरविलेला डिफॉल्ट पुढे बदलला, तर त्याच्या भरवशावर बसलेल्या कोणाचे तरी यंत्र बिघडते. चिपची जन्मावस्था निदान कागदावर छापलेली असते, आणि ती बदलत नाही.

हा युक्तिवाद मला पटतो. साव्होलायनेन यांच्या काळी जो अधिकार ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडे होता, तो त्याने स्वखुशीने सोडून दिला, हे त्याच्या विनयाचे लक्षण आहे. परंतु अधिकार सोडला की तो पुढे कोणीतरी उचलावा लागतो. २०११ च्या सुमारास अल्सात यूज केस मॅनेजर नावाची सोय आली. ओपनमोकोच्या फाइलींची ही सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल. संगीत ऐकणे, फोनवर बोलणे अशा कामांना नावे द्यायची. कर्णा, हेडफोन अशा साधनांना नावे द्यायची. आणि अमुक काम अमुक साधनावर सुरू होताना कोणती दारे कोणत्या क्रमाने उघडायची व संपताना कोणत्या क्रमाने लावायची, हे लिहून ठेवायचे. अँड्रॉइडने २००८ मध्ये पहिल्या फोनाबरोबर वेगळी चूल मांडली होती. तेथेही पुढे अशाच वाटांच्या याद्या एका फाइलीत लिहिण्याची पद्धत पडली. दुसरीकडे, फलकावरच्या तारांचे वर्णन कोडातून काढून डिव्हाइस ट्री नावाच्या वर्णनपत्रात नेण्यात आले. २०१४ च्या सुमारापासून साध्या फलकासाठी मशीन ड्रायव्हर लिहिण्याचीही गरज उरली नाही. हेडफोनचे भोक चिपच्या अमुक पायाला जोडले आहे, अशा जोड्या त्या पत्रात लिहिल्या की काम भागते. त्या पत्रात तारा आहेत हे सांगायचे असते. दारे उघडी आहेत की बंद, हे मात्र सांगायचे नसते. हा भेद न कळल्यामुळे कितीतरी नवे अभियंते वर्णनपत्र बिनचूक लिहूनही मौनापुढे हात टेकतात.

येथवर आलो म्हणजे व्यवस्था मोठी नेटकी झालेली दिसते. चिप बनविणाऱ्याने जन्मावस्था ठरविली, ड्रायव्हरवाल्याने ती पाळली, फलकवाल्याने तारा सांगितल्या, आणि पुढचे यंत्र विकणाऱ्यावर सोपविले. प्रत्येकाने आपापल्या जागी योग्य तेच केले. आणि यंत्र विकणाऱ्याने शेवटची यादी लिहिलीच नाही, तर? तर सगळे निर्दोष, आणि यंत्र मुके.

याउलट टोकाची चूकही होते. रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या डावाएवढा स्वस्त संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्याला आवाजाच्या दोन वाटा होत्या. एक हेडफोनचे साधे भोक, आणि दुसरी पडद्याकडे जाणारी एचडीएमआयची तार. कोणती वाट घ्यायची यासाठी एकच कळ होती. तिच्यावर शून्य म्हणजे यंत्राने स्वतः ठरवावे, एक म्हणजे हेडफोन, दोन म्हणजे पडदा; आणि सुरुवातीला ती शून्यावर असे. पडद्याने 'मला आवाज चालतो' असे कळविले, की आवाज तिकडे जाई. दिवाणखान्यातल्या दूरदर्शनसाठी हे योग्यच होते.

२०१६ मध्ये आमच्या भागातल्या एका अंधशाळेत असा एक पाय वाचनयंत्र म्हणून बसविलेला होता. पुस्तकातला मजकूर तो मराठीत वाचून दाखवी. भोकाला दोन कर्णे जोडलेले; पडदा नाहीच, कारण त्याचा उपयोग काय? पाहुण्यांना काय चालले आहे ते दिसावे म्हणून कोणा भल्या माणसाने एक पडदा भेट दिला. त्या रात्री वीज गेली आणि सकाळी आली. यंत्र सुरू झाले, त्याला पडदा जोडलेला आढळला, आणि सगळा आवाज तिकडे गेला. त्या पडद्याला कर्णा नव्हता. फक्त हेडफोनसाठी एक भोक होते. तेवढ्या बळावर त्याने आवाज चालतो असे कळविले होते. मुले कळा दाबून दाबून थकली. तिथले शिक्षक स्वतः दृष्टिहीन. त्यांनी पुरवठादाराकडे फोन केला. "तर ते विचारतात, पडद्यावर काय दिसतंय? आता यांना मी काय सांगू?" असे त्यांनी मला नंतर हसत हसत सांगितले. हसणे त्यांचे होते; मला ते ऐकवले नाही. मी त्यांना एवढेच म्हटले, "सर, पडद्याची तार काढा आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करा." यंत्र बोलू लागले. पुढे जाऊन मी ती कळ एकवर ठेवली आणि अवस्था साठवून दिली. काम दोन मिनिटांचे होते. पण आठवडाभर त्या वर्गात वाचन झाले नव्हते.

म्हणून मला या इतिहासातला एक लहानसा प्रसंग फार मोलाचा वाटतो. डेबियन या लिनक्सच्या वितरणाची ६.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०११ मध्ये निघाली. ती यंत्रावर चढविताना बोलणारा मार्गदर्शक तिच्यात आला होता. पडदा न पाहता, केवळ ऐकून, संबंध प्रणाली बसविता यावी ही सोय. सुरुवातीची यादी तयार झाली की यंत्र 'टूं' असा आवाज करते. एस ही कळ आणि मग एंटर दाबले की बोलणे सुरू होते. परंतु यंत्रात दोन-तीन ध्वनिसाधने असतील, तर कोणत्या साधनातून बोलायचे? पडद्यावर विचारून उपयोग नाही. डेबियनच्या मंडळींनी यावर काढलेली तोड अशी की, यंत्र प्रत्येक साधनातून आळीपाळीने बोलते, आणि जिथून आवाज ऐकू येईल तिथे ऐकणाऱ्याने एंटर दाबायचे. झाले. ज्याला ऐकायचे आहे त्याच्याच कानाला विचारून वाट ठरविली जाते.

येथे अंदाज बांधलेला नाही आणि गप्पही बसलेले नाही. साव्होलायनेन यांच्या पिढीने गिऱ्हाइकाच्या वतीने ठरविले. अल्साने गिऱ्हाइकाला सगळी दारे देऊन मौन पत्करले. ए-सॉकने कोणाला काय ठाऊक असावे याची वाटणी केली. रास्पबेरी पायने यंत्राच्या तर्कावर भिस्त ठेवली. या सगळ्यांतून जे शिकायचे ते या एका लहान युक्तीत एकत्र आले आहे. मौन हा तटस्थपणा आहे असे अभियंत्याला वाटते, कारण तो पडद्यासमोर बसलेला असतो. ज्याच्यापुढे पडदा नाही त्याच्या बाजूने पाहिले, तर मौन हाही एक निर्णयच आहे, आणि तो त्याच्या विरुद्ध दिलेला आहे.

सत्तांतरे पुढेही होत राहिली. टेबलावरच्या संगणकांत २००७ पासून पल्सऑडिओ आणि २०२१ पासून पाइपवायर यांनी वाट ठरविण्याचे पुष्कळसे काम आपल्याकडे घेतले. रास्पबेरी पायच्या कर्नेलमध्ये ती एकच कळ जाऊन २०२० मध्ये प्रत्येक वाटेचे स्वतंत्र साधन झाले. २०२३ मध्ये निघालेल्या पाचव्या पायवर तर हेडफोनचे भोकच उरले नाही. वुल्फसन कंपनी २०१४ मध्ये अमेरिकेच्या सिरस लॉजिककडे गेली. झॉरस आणि निओ १९७३ आता संग्राहकांच्या कपाटात आहेत. पण प्रश्न जिथल्या तिथे आहे, कारण नव्या यंत्राला पहिल्यांदा वीज देताना कुणी काहीच सांगितलेले नसते.

माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना मी व्याख्याने देत नाही. एक रीत तेवढी घालून दिली आहे. यंत्र बाहेर पाठविण्यापूर्वी त्यातली साठविलेली अवस्था पुसून टाकायची. जोडलेला पडदा आणि कळफलक काढून घ्यायचा. वीज तोडायची आणि पुन्हा द्यायची. मग शेजारच्या खोलीत जाऊन उभे राहायचे आणि यंत्र बोलते का ते ऐकायचे. नव्या मुलांपैकी बहुतेकांना पहिल्या खेपेस काहीच ऐकू येत नाही. मग ती परत येतात, फलकाचा नकाशा पुढे ओढतात आणि कोणते दार कोणी उघडायचे राहिले आहे, ते शोधू लागतात.